डाव्या हाताची बाजू

फाल्गुन लागला की बायनाबाईच्या परसातली वांगी म्हातारी होतात, गवारीला शिरा धरतात, आणि राणीसावरगावातल्या तिच्या घराच्या पत्र्यावर वाळवण पडतं. वांग्याच्या फोडी, उकडलेली गवार, मसाला भरलेल्या मिरच्या. खाणारं तोंड एकच. नवरा लिंबाजी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नव्हतंच. तरी बाई चार घरांना पुरेल एवढं वाळवते. कोणी विचारलं तर म्हणते, "झाडाला काय सांगू, एकटीपुरतं दे म्हणून?"

वाळवण डब्यात गेलं की वाकळ. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालायचा. हे काम मात्र बायनाबाईनं कधी एकटीनं केलं नव्हतं. तिची धाकटी जाऊ प्रयाग डावखुरी. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं कपाळावर हात मारून घेतला होता. त्या डाव्या हातानं लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पापड लाटायचा नाही, देवाला फूल तर नाहीच नाही. बायनाबाईनंच एका उन्हाळ्यात तिला वाकळीच्या दुसऱ्या कडेला बसवलं, आणि मग गंमत कळली. ही उजवीकडून टाके घालत यायची, ती डावीकडून, आणि दोघी बरोबर मधोमध भेटायच्या. भेटल्या की दोरे एकमेकांत गाठायचे, पाठ सरळ करायची, सासूच्या नावानं दोन शब्द काढायचे आणि पुढची ओळ धरायची. वाकळ हे निमित्त, खरं काम ते दोन शब्दच, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

प्रयागचा मुलगा महारुद्र पूर्णेला रेल्वेत लागला आणि दिवाळीनंतर आईला घेऊन गेला. "मोठीमाय, तुमीबी चला की," असं तो म्हणाला होता, पण म्हणताना बॅगेची चेन लावत होता. बायनाबाईला तेवढं कळतं. ती म्हणाली, "परसात वांगी हायत. पाणी कोण घालील?"

यंदा वाकळ तिनं एकटीनंच मांडली, आणि चूक झाली ती तिथं. उजवीकडून निघालेला हात सवयीनं मधोमध येऊन थांबायचा. दोरा गाठायला समोर कोणी नाही, मग बाई पुढची ओळ धरायची. पुन्हा मधोमध. असं करत वाकळ संपली, म्हणजे उजवी बाजू संपली. डावी नुसतीच अंथरलेली, फुगलेली. शेजारचा आश्रुबा बघून म्हणाला, "आक्का, औंदा अर्धंच अंग झाकायलाव का?" तिलाही हसू आलं. तो गेल्यावर दार लोटून ती रडली.

पुढं शिवणं काही अवघड नव्हतं. पण ती बाजू प्रयागची. तिथं आपण सुई घातली, तर प्रयाग आता येत नाही हे आपणच मान्य केल्यासारखं होईल, याची तिला धास्ती वाटत होती. चार दिवस वाकळ तशीच कोपऱ्यात पडून राहिली. मग बाईनं ती गाठोड्यात बांधली, डबे भरले, एसटीनं गंगाखेड गाठलं आणि तिथून रेल्वेनं पूर्णा. जावेला गावी आणायचं, ते नाही जमलं तर निदान तिच्या हातून तिची बाजू पुरी करून घ्यायची, एवढंच मनात होतं.

महारुद्राची बायको भक्ती दारात पाया पडली. डबे हातात घेताना मात्र ती नजरेला नजर देईना. आतल्या खोलीत प्रयाग पलंगावर बसली होती. जावेला बघून हसली, पण उठली नाही. डावा हात मांडीवर कोणी आणून ठेवल्यासारखा पडला होता.

"संक्रांतीला वारं गेलं अंगावरून," भक्ती हळूच म्हणाली. "तुमाला कळवू दिलं न्हाई त्यांनीच. म्हणल्या, आक्का एकटी हाय, उगं फिकीर करील."

बायनाबाईला आधी रागच आला. एकटी आहे म्हणून कळवलं नाही म्हणे. एकटीला नाही कळवायचं तर कोणाला? पण मग जावेचा तो हात उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि बसून राहिली.

"वाकळ आणली का?" प्रयागनं विचारलं.

"आणली. अर्धी हाय."

"माझी बाजू राहिली आसंल."

"हां."

प्रयागनं वाकळ खाली अंथरायला लावली आणि सुनेच्या आधारानं आपल्या कडेला बसली. उजव्या हातात सुई धरून पाहिली. दोन टाके वाकडे पडले, तिसऱ्याला सुई सुटली. मग सुई तिनं जावेकडे सरकवली आणि कापडाला चुणी पडू नये म्हणून त्याच हाताचा पंजा वाकळीवर दाबून धरला.

बायनाबाईनं मधोमध लोंबणारा दोरा सुईत ओवला. आणि हात तिथंच थांबला.

प्रयागनं ते पाहिलं. मग म्हणाली, "आक्का, आता माझी वाट बघू नका. या इकडं."

बायनाबाईला टाका दिसत नव्हता. तरी तिनं सुई पुढं घातली.