मोशीच्या रानात आठ घोडे

शनिवारी सकाळी सात वाजता खडकीच्या तबेल्यातून निघालो तेव्हा माझ्या खोगिराच्या पिशवीत चार वस्तू होत्या. खो-खोचं मैदान आखायची लांब फीत, फक्कीची (मैदानावर रेघा मारायच्या पांढऱ्या पुडीची) पुरचुंडी, शाळेचा शिक्का मारलेले कोरे कागद आणि आईनं बळेबळेच कोंबलेला दशम्यांचा डबा. पहिल्या तीन वस्तूंनी मला दोन दिवस रडवलं. दशम्या तेवढ्या शेवटपर्यंत सोबतीला राहिल्या.

मी पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत कवायत आणि घोडेस्वारी शिकवते. स्वातंत्र्य येऊन आठ वर्षं झाली, तरी मुलींनी घोड्यावर बसावं की नाही यावर आमच्या शाळामंडळाची चर्चा काही संपत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आठ मुलींना घोड्यांवरून चाकणचा किल्ला दाखवून आणायचा, वाटेत दोन रात्री तंबू ठोकून राहायचं, असं मी ठरवलं होतं. मुली वर्षभर त्या सहलीकडे डोळे लावून बसल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष पेशानं वकील. त्यांनी अट घातली, "सोमवारी संध्याकाळच्या सभेआधी मुक्कामाची जागा नक्की करा, आणि जागेच्या मालकाशी लेखी कागद करून आणा. नाही जमलं तर सहल रद्द. आणि सहलच नसेल, तर तो वर्ग तरी कशाला चालवायचा?"

म्हणजे तीन दिवसांत जागा सापडली नाही, तर माझ्या आठ पोरी घोड्यावरून खाली. कायमच्या.

सोबत आमचे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) इब्राहिमभाई होते. त्यांची उमेदीची वर्षं पलटणीच्या घोड्यांत गेली. मी लाडी नावाच्या घोडीवर, ते तुफान नावाच्या घोड्यावर. तुफान नावापुरताच. दापोडीच्या पुलावर शेजारून मालगाडी गेली, तसा हा गडी मधोमध ठाण मांडून उभा राहिला. मागं एसटी येऊन थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "अहो बाई, घोडा हाय का फोटो?" सगळी गाडी हसली. मीही हसले. इब्राहिमभाईंनी मात्र खाली उतरून तुफानच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याला हातानं धरून पूल पार केला.

पहिला थांबा पिंपळे सौदागर. पवनेच्या काठी इतकी सुरेख जागा, की मला वाटलं, झालं, पहिल्याच झटक्यात काम फत्ते! उताराचा काठ, संथ पाणी, बाभळींची सावली आणि बाजरी निघालेलं मोकळं रान. मी टुणकन उडी मारली आणि फीत काढली. एका लांब दोरीला आठ घोडे बांधायचे, प्रत्येकाला सहा हात जागा सोडायची. मोजून झाल्यावर सवयीप्रमाणे चार कोपरे धरून फक्कीच्या रेघा मारल्या. हात स्वस्थ बसत नाहीत ना माझे.

एक म्हातारा शेतकरी बांधावर उभा राहून बघत होता. हळूच जवळ आला.

"कंदी सुरू हुनार, बाई?"

"दिवाळीला!" मी आनंदानं सांगितलं.

"आन कुठवर घेनार?"

"फार नाही हो. नदीपासून त्या बाभळीपर्यंत पुरेल."

"पार बाभळीपत्तुर?" त्याचा चेहरा उतरला. काही न बोलता तो पाठ फिरवून गेला. मला वाटलं, माणूस अबोल असेल. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

तेवढ्यात इब्राहिमभाईंनी हाक मारली. लाडीचा पुढचा पाय त्यांच्या मांडीवर होता आणि हातात बोटभर काटा. "बाई, आदमी कुठं पण झोपतो. जागा घोड्याला विचारून घ्यायची. ही नाही म्हणते." बाभळीखालचं सगळं रान काट्यांनी भरलेलं. रेघा तशाच टाकून आम्ही पुढं निघालो.

पिंपरीला रेल्वेजवळच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा घेतला. पलीकडे कारखान्यांची बांधकामं चालली होती. बाजरीच्या रानांतून चुन्याच्या रेघा गेल्या होत्या, मैलभर, नाकासमोर सरळ. "कोणी आखल्या असतील हो? मला मैदानावरसुद्धा इतक्या सरळ जमत नाहीत," मी कौतुकानं म्हटलं. भजी तळणारा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं चहाचे पैसे जरा जोरातच मागितले.

त्यानंतर जिथं जाईन तिथं दारं बंद. भोसरीला पाटलांच्या वाड्यासमोर उभी राहिले, तर आतून खणखणीत आवाज आला, "सांग त्यांना, गावाला गेलोय म्हणून!" बाहेर येऊन सुनेनं तेच सांगितलं आणि बिचारी लाजेनं लाल झाली. एकानं जागा दाखवायला होकार दिला, पण मी शिक्क्याचा कागद काढताच त्याला बैलांना पाणी पाजायचं आठवलं. रात्री देवळाच्या ओसरीवर दशम्या खाताना मी तणतणले, "काय माणसं आहेत! बाईमाणूस घोड्यावर बघवत नाही यांना!" इब्राहिमभाई म्हणाले, "तसं वाटत नाही, बाई. लाडीला तर सगळे गूळ देतात." ते खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडले.

रविवारी मोशी मागं टाकून, इंद्रायणी ओलांडून आम्ही चाकणला पोचलो. किल्ला बघून जीव हरखला. सपाटीवरचा भुईकोट, भोवती खंदक, पडक्या बुरुजावर चरणाऱ्या शेळ्या. माझ्या आठ पोरी इथं रांगेनं घोडे घेऊन उभ्या आहेत, असं चित्र डोळ्यांपुढं आलं. जवळच एका कांद्याच्या व्यापाऱ्याचं रान होतं. विहीर, चिंचेची सावली, काटा नाही की दगड नाही. आणि मालक चक्क हसतमुख! "या की राव, सई करतो, त्यात काय," म्हणाला.

माझा कागद निम्मा लिहून झाला होता. इब्राहिमभाई खाली वाकले आणि मूठभर वाळकी पात उचलून उभे राहिले.

"कांद्याची पात. सगळीकडे पडलीय. ही घोड्याच्या पोटात गेली की त्याचं रक्त पाणी होतं. नको."

"झाडून घेऊ!"

"किती झाडाल? आठ घोडे रात्रभर तोंड मारणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "इब्राहिमभाई, तुम्ही जागा शोधताय की लेकीला नवरा?"

"लेकीच्या वेळेला थोडं खपवून घेतलं होतं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "इथं नाही घेणार."

परत फिरलो. मोशीजवळ इंद्रायणीच्या काठी घोड्यांना पाणी दाखवलं आणि मी दगडावर बसून सरळ रडले. लपवायचं कशाला? दुसऱ्या दिवशी सभा होती आणि माझ्या हातात निम्मा लिहिलेला कागद.

पलीकडच्या रानात मेंढरं बसली होती. त्यांचा धनगर, येसू नाव त्याचं, काठी टेकत आला. इब्राहिमभाईंनी त्याला विडी दिली आणि माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. येसूनं माझ्या मांडीवरची फीत बघितली, फक्कीची पुरचुंडी बघितली आणि तो असा हसला, की त्याचं कुत्रं भुंकायला लागलं.

"बाय, मोजपट्टी, पांढरी पूड आन शिक्क्याचा कागद घिऊन फिरता व्हय? हितं त्यो सरंजाम घिऊन आला त्यो रानच घिऊन गेला. तिकडं पिंपरीला कारखाने हुत्यात न्हवं? लोकांना वाटलं, तुमी मोजनीवाल्या. सरकारनं आता घोड्यावरनं बाई धाडली!"

मी कपाळाला हात लावला. दिवाळीला सुरू. नदीपासून बाभळीपर्यंत. अगं बाई! मी त्या म्हाताऱ्याला काय सांगून आले होते!

"मग जागा मागू तरी कशी?"

"मागता कशापाई? आमी कुटं मागतो? आमची मेंढरं आपल्या रानात बसवा म्हनून लोकच बोलावत्यात." मेंढरं बसवणं म्हणजे रिकाम्या रानात कळप रात्रभर ठेवायचा, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि धनगराला शेतकरी वर धान्य देतो. "आठ घोडी, दोन राती. लीद किती पडंल? जागा मागू नका बाय, लीद द्या!"

बसलेली मेंढरं रखमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होती. दिवाळीच्या आधी येसू कोकणात उतरणार, मग रान मोकळं. येसू आम्हाला सरळ रखमाजीच्या दारात घेऊन गेला. रखमाजी फितीकडे बघून मागं सरकला. मी फीत पिशवीच्या तळाशी कोंबली आणि फक्की त्याच्या बायकोच्या, सगुणाबाईंच्या हातात दिली. "दिवाळीच्या रांगोळीला होईल." त्यांनी चिमटीत घेऊन बघितली. "बारीक हाय," म्हणाल्या, आणि आत जाऊन आमच्यासाठी भाकरी टाकल्या. भाकरी, वांग्याचं कालवण आणि ठेचा. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्याचं कळलं.

त्या रात्री घोडे तिथंच बांधले. सकाळी उठून बघते तर सगुणाबाई घोड्यांच्या मागं कमरेवर हात ठेवून उभ्या.

"दोन जनावरांची येवढी?"

"येवढी," मी अभिमानानं म्हटलं. लिदीचा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

"मंग आठांची?" त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि नवऱ्याला हाक मारली, "अवो, हिकडं या!"

रखमाजीनं रान फिरून दाखवलं. पाणी जवळ, काठाला उतार, लिंबाची सावली. इब्राहिमभाईंनी अनवाणी चालून बघितलं, मूठभर माती हुंगली आणि लाडीला मोकळं सोडलं. ती दोनदा लोळली आणि फुरफुरत उठली. "हो म्हणते," इब्राहिमभाई म्हणाले.

आता कागद. मी भीत भीत विषय काढला. रखमाजी पुन्हा मागं सरकला. "बाई, रानात खुशाल ऱ्हावा. पन सई न्हाई करनार. आंगठाबी न्हाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळं जुळून आलं होतं आणि गाडं पुन्हा तिथंच अडलं. तेवढ्यात सगुणाबाई म्हणाल्या, "आपन कशापाई लिवून द्यायचं? ह्या बाईनंच द्यावं की. शहरातली मानसं बोलत्यात लई, येत न्हाईत. आमी दुसऱ्या धनगराला न्हाई म्हनून बसावं, आन ह्यांनी यावंच न्हाई! लिवा बाई."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. आठ घोडे दोन रात्री बसतील. लीद सगळी रानाची. आणि घोडे आणले नाहीत, तर? सगुणाबाईंनी क्षणभर विचार केला. "तर शाळेनं चार गाड्या शेणखत हितं आनून टाकावं." मी तेही लिहिलं. दोन प्रती केल्या, दोन्हींवर सही फक्त माझी. साक्षीदार म्हणून इब्राहिमभाईंनी उर्दूत सही केली, येसूनं अंगठा उठवला. एक प्रत रखमाजीच्या पागोट्यात गेली. दुसरी घेऊन मी पुण्याला आले, आणि वाटभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकाच्या सहीऐवजी हा असला कागद सभेत ठेवायचा?

संध्याकाळी अध्यक्षांनी चष्मा लावून तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"यावर मालकाची सही कुठंय?"

"त्यांनी केली नाही. मी केलीय."

"बाई, शाळेच्या शिक्क्याच्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, तुम्ही लिहून दिलंय की आठ घोडे नेले नाहीत, तर शाळा चार गाड्या शेणखत मोशीला पोचवेल?"

"हो."

एक सदस्य हळूच म्हणाले, "पण एवढं शेणखत आपण आणायचं कुठून?" कोणालाच माहीत नव्हतं. अध्यक्षांनी कागदाची नीट घडी घातली. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, रागानं नव्हे हे मला जरा उशिरा कळलं.

"इतका चोख कागद माझ्या पक्षकारांनाही करता येत नाही. जावंच लागेल, बाई. सहल मंजूर."

दिवाळीत आम्ही निघालो. आठ घोडे, आठ मुली, सामानाची बैलगाडी. मोशीचा रस्ता सरळ होता, तरी मी सगळ्यांना आधी पिंपळे सौदागरला वळवलं. माझ्या मनाला टोचणी लागली होती.

म्हातारा रानातच होता. आजूबाजूची सगळी रानं नांगरून झालेली, आणि मधे माझ्या पांढऱ्या रेघांच्या आत जमीन तशीच कोरडी पडलेली.

मी बैलगाडीतून उतरून त्याच्या पाया पडले आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ही रेघ..."

"खो-खोची, आजोबा. तुमचं रान कोणी घेत नाही."

"मी येक डाव बी आत नांगर घातला न्हाई, बाई. म्हनलं, आता हे आपलं न्हवं."

मी वळून मुलींना हुकूम दिला, "एका रांगेत! रेघेवरून!"

लाडी पुढं, तुफान सगळ्यांत मागं, असे आठ घोडे त्या रेघांवरून गेले. काट्यांची आठवण ठेवून इब्राहिमभाई आधी जमीन झाडून आले होते. दुसऱ्या फेरीला फक्की उडून गेली, आणि तिसऱ्या फेरीला म्हातारा मुलींबरोबर टाळ्या वाजवायला लागला. आम्ही निघालो तेव्हा तो बैल जुंपत होता.