सातव्या वाफ्यातले टोमॅटो

आमच्या विद्यापीठातल्या माळ्याला सगळे पाटीकाका म्हणतात. सत्तावीस वर्षं ते हिरवळीच्या कडेला उभे राहून 'आत येऊ नये' या पाटीकडे बोट दाखवत आले. अशा माणसाला वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी एका सकाळी सांगितलं, "काका, ही हिरवळ खणा. इथे सगळ्यांची बाग करायचीय."

भांडारातून कुदळ देणारा कारकून मी. काका कुदळ घेऊन तसेच उभे राहिले.

"सगळ्यांची म्हणजे कुणाची हो?"

"मला काय विचारता? सही करा."

मलाही कळलं नव्हतं, पण कारकुनाने तसं कबूल करायचं नसतं.

प्राध्यापक, विद्यार्थी, झाडलोटीच्या मावश्या, सगळ्यांना एकेक वाफा मिळाला. सातवा काकांना. त्यांनी टोमॅटो लावले. पीक लाल झालं, बाकीचे आपापलं तोडून नेऊ लागले, पण काकांचा हात काही पुढे होईना. पूर्वी त्यांच्या जोडीला असलेल्या माळ्याच्या खिशात फाटकावर इथलेच दोन पेरू सापडले होते आणि त्याची नोकरी गेली होती. काकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. प्राध्यापकांच्या पिशव्या कोण बघतो? झडती आम्हा लोकांची. त्यातून निवृत्तीला चार महिने उरलेले. आणि घरी काकू रोज विचारायच्या, "सत्तावीस वर्षं तिथली माती उपसलीत, कधी एक पान तरी आणलंत का माझ्यासाठी?"

शेवटी ते माझ्याकडे गेटपास मागायला आले. चार टोमॅटोंचा गेटपास! मी हसलो नाही, फॉर्म दिला. काकांनी सगळं भरलं आणि एका रकान्यापाशी अडले: वस्तू कोणाची?

मॅडम म्हणाल्या, "तुमचीच की!" कुलसचिव म्हणाले, "जमीन विद्यापीठाची, मग फळही विद्यापीठाचं." पोरं ओरडली, "सगळ्यांची, काका!" दिवसभर पायपीट करून ते तीन उत्तरं आणि एक रिकामा रकाना घेऊन परत आले.

"साहेब, काय लिहू?"

मला त्या रकान्याचा भयंकर राग आला. अकरा वर्षांपूर्वी तो मीच घातला होता, अतिशहाणपणा करून.

"मला नाही माहीत, काका," मी म्हटलं. या खुर्चीवर बसून इतकं खरं मी प्रथमच बोललो असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेला लागूनच्या माझ्या खिडकीतून पाहिलं तर काका काकूंना घेऊन आलेले. इतक्या वर्षांत त्या फाटकाच्या आत आल्या नव्हत्या. जुनी पाटी अजून तिथेच होती, काढायची कुणाला आठवण राहते? काकूंनी ती वाचली आणि तिथेच थबकल्या. चपलाही काढल्या.

पाटीकाकांनी पाटीकडे पाहिलं. मग काकूंचा हात धरला.

"ये. आत ये."

त्यांनी टोमॅटो तोडला, सदऱ्याला पुसला आणि दिला. काकूंनी चावा घेतला, रस कोपरापर्यंत ओघळला. घाबरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"अहो, पण हा आहे कुणाचा?"

काकांनी दुसरा टोमॅटो तोडला.

"ते अजून ठरायचंय," ते म्हणाले. "तू खा."