आसरांच्या विहिरीत बर्फाची काठी

आमच्या घरी बर्फात मासे पकडायची एक काठी होती. भिवंडीत बर्फ फक्त उसाच्या रसात आणि मासळी बाजारात सापडतो, त्यामुळे ती फारशी वापरात नव्हती.

काठी धाडली माझ्या धाकट्या दिराने, निलेशने. तो कॅनडात ट्रक चालवतो. तिथे थंडीत तळी गोठली की माणसं बर्फाला भोक पाडतात, भोकाशेजारी स्टूल टाकून बसतात आणि तळहाताएवढे मासे वर काढतात. (एवढ्या मेहनतीत आपल्याकडे माणूस बोअरवेल मारून घेईल.) काठी जेमतेम दोन हात लांब, आणि तिला खाली एक चपटं चाक.

"दादा, ही इनलाइन रील हाय," निलेश व्हिडिओ कॉलवर समजावत होता. "साध्या रीलचा तंगूस, म्हंजे गळाचा दोरा, गोल गोल सुटतो, त्याला पीळ बसतो. मग आमिष पाण्यात गरगरतं आणि बारका मासा त्याला तोंड लावत न्हाय. हिचा तंगूस पतंगाच्या फिरकीसारखा सरळ उतरतो. बटण दाबायचं, गळ आपल्या वजनाने खाली. जरा पण हलत न्हाय."

माझा नवरा महेश काल्हेरला एका गोदामात सुपरवायझर आहे, आणि खोक्यातून जे निघेल ते आपल्याला चालवता येतं असा त्याचा समज आहे. "बर्फातलं भोक काय आणि विहीर काय, दोरा खालीच जायचा," असं म्हणत तो दिघाशीच्या आमच्या गावच्या घरामागे, वापरात नसलेल्या विहिरीवर गेला आणि थोड्या वेळाने पिशवीभर चिलापी घेऊन आला.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "जिथून आणलंस तिथं नेऊन सोड," एवढंच म्हणाल्या. "त्या विहिरीत साती आसरा हायेत, पाण्यातल्या सात देवी. तिथलं काय पण घरात आणायचं न्हाय. आणि भर बाराला तर तिकडं जायचंच न्हाय."

"आई, चिलापी आहेत त्या," मी म्हटलं. मी वाढले चौथ्या मजल्यावर, आमच्या पाण्याशी टँकरवाल्याशिवाय कुणाचा संबंध नव्हता. "आणि आसरा काय कालवण करणार आहेत?"

आईंनी सुपाच्या कडेने कोथिंबिरीची जुडी माझ्याकडे ढकलली. मी ती निवडायला घेतली आणि महेशने एकेक मासा विहिरीत परत सोडला. प्रत्येकाला सॉरी म्हणाला, असं मला नंतर कळलं.

पुढे माझ्या नणंदेच्या, प्रियंकाच्या बाळाला सव्वा महिना झाला. आमच्याकडे तेव्हा बाळंतीण विहिरीवर जाते, आसरांची ओटी भरते आणि मग सासरी निघते. ओट्या दोन. एक आसरांची, ती विहिरीत सोडायची. दुसरी प्रियंकाची, तिच्यात या वेळी आईंची स्वतःच्या लग्नातली नथ. कोन गावाहून तिची सासरची मंडळी चारला यायची होती आणि नथीची बातमी तिथपर्यंत आधीच गेली होती. दोन्ही ओट्या बांधायचं काम माझ्याकडे. मी दोन सारखे हिरवे खण घेतले, दोन सारखे नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या, आणि दोन सारख्या गाठी मारल्या. (एकाच दुकानातून घेतल्यावर भाव बरा पडतो.)

सकाळी प्रियंकाने ओटी विहिरीत सोडली. आम्ही हात जोडले, घरी आलो. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी सहज उरलेलं बोचकं उघडलं. नारळ होता, तांदूळ होते, बांगड्या होत्या. नथ नव्हती.

लग्नाला चार वर्षं झाली तरी आईंनी मला कपाटाची किल्ली दिलेली नव्हती. पहिल्यांदा विश्वासाने सोनं हातात दिलं आणि मी ते विहिरीला देऊन मोकळी झाले. आता या घरात मी जन्मभर फक्त कोथिंबीर निवडणार, हे मला स्पष्ट दिसलं.

मी महेशला पानावरून उठवलं आणि मोरीपाशी नेऊन सांगितलं.

"आईला सांगून टाक," तो म्हणाला.

"तू सांग."

"नको." त्याने मोरीत हात धुतला. "बादली काढायचा लोखंडी गळ शेजारी हाय."

"तो मागितला की अख्खी दिघाशी विहिरीवर येईल. तुझी काठी आण."

"अगं, ती बारक्या माशांची हाय. आणि वाजले किती बघ."

बारा वाजत होते. काठी आणली.

विहिरीला कठडा नाही. आम्ही काठावर पालथे पडलो. ऊन पाठीला चटके देत होतं आणि खालून तोंडावर येणारी हवा मात्र थंडगार होती. एरवी तिथे साळुंक्यांचा कलकलाट असतो. त्या वेळी पानसुद्धा वाजत नव्हतं. खाली काळ्या पाण्यावर हिरवं बोचकं बरोबर मध्यभागी तरंगत होतं.

महेशने बटण दाबलं. चाक आवाज न करता फिरलं आणि गळ सरळ रेषेत उतरला. निलेश म्हणाला होता तसाच, जरा पण हलला नाही. गाठीपासून वीतभर अंतरावर तो आला आणि बोचकं बाजूला सरकलं.

"वारा," महेश कुजबुजला.

"कुठे आहे वारा?"

त्याने काठी सरकवली. बोचकं पुन्हा सरकलं. पुन्हा काठी, पुन्हा बोचकं. मग खालून बांगड्या वाजल्या, एकदाच, कुणी हात बदलावा तशा. ओटीत बांगड्या मीच घातल्या होत्या, हे मला आठवलं. पण त्या क्षणी ओटी हलत नव्हती.

"मी जरा बाइकची चावी बघून येतो," महेश म्हणाला आणि काठी माझ्या हातात देऊन निघाला. चावी त्याच्या खिशात वाजत होती. सावकाश, जबाबदार चालीने सुरुवात केली त्याने, पण आंब्यापासून पुढे तो सरळ पळाला.

मी एकटी उरले. पळावं तर आई, थांबावं तर आसरा. खरं सांगते, मला आईंची भीती जास्त वाटली. "बायांनो," मी विहिरीत तोंड घालून म्हटलं, "तुम्हालाही सासू असेलच की. एवढी नथ द्या, मी दुसरी ओटी भरते." आणि बोचकं सरकायचं थांबलं. गळ अलगद गाठीत शिरला. मी चाक फिरवायला लागले. एवढीशी काठी धनुष्यासारखी वाकली, पण तंगूस टिकला.

गाठ सोडली. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या.

नथ नव्हती.

म्हणजे नथ तर गेलीच होती, वर आसरांना भरलेली ओटी मी भर बाराला विहिरीतून चोरली होती. घामाने डोळ्यांत पाणी येत होतं, ते मनगटाने पुसलं, कशीबशी गाठ मारली, "चूक झाली" म्हणत बोचकं विहिरीत टाकलं. गळ खणातच अडकलेला होता. काठी माझ्या पायाजवळून सरपटत गेली आणि मी हात घालेपर्यंत काठावरून दिसेनाशी झाली.

वाकून बघितलं. काठी पाण्यात उभी होती. चाक फिरत होतं, सावकाश, कुणीतरी खाली बसून तंगूस गुंडाळत असल्यासारखं. मग काठी आत गेली आणि तिच्यामागून बोचकंही गेलं. नारळ बुडत नाही. हा बुडला.

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. ओसरीवर आई प्रियंकाच्या नाकात नथ घालत होत्या. तीच नथ.

"आई, ही कुठे होती?"

"माझ्या कनवटीला," आई नथीचा फासा दाबत म्हणाल्या. "तू दोन्ही बोचकी सारखी बांधलीस तवाच काढून घेतली. तुझ्या भरवशावर सोनं ठेवते होय मी?" मग त्यांनी मान वर केली. "कपाळाला एवढं ओलं कुंकू कुणी लावलं तुला?"

मी कपाळाला हात लावला. बोटं लाल झाली. कोपऱ्यात महेश बाळाला खेळवत होता. त्याने बाळाच्या अंगड्यात तोंड लपवलं. मग काय, सगळं सांगितलं. गळ, बांगड्या, फिरणारं चाक, बुडलेला नारळ. प्रियंका रडवेली झाली. महेश म्हणाला की मोठा मरळ मासा असणार. (हे पळून आलेला माणूस सांगत होता.)

आईंनी मात्र विहिरीच्या दिशेने हात जोडले आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"दोघी पण त्यांच्या काठावर होत्या, तू आणि ती काठी," त्या म्हणाल्या. "त्यांनी काठी ठेवून घेतली आणि तुला परत धाडली. सात जणी असून त्यांना झेपली न्हाईस, मी तर एकटी हाय."