चौथं शील आणि कोकरू

एमआयडीसीतली नोकरी सोडून मी भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हा मला शहाणं व्हायची भलतीच घाई झाली होती. मन कशातच लागत नव्हतं. मोबाइलवर प्रवचनं ऐकायचो आणि दर रविवारी सकाळी गावातल्या विहारात जायचो. निवृत्त झालेले एक गुरुजी तिथं वंदना घ्यायचे. मेंढपाळाचं पोरगं विहारात काय करतं, असं काही जणांनी विचारलंही. गुरुजींनी विचारलं नाही. त्यांनी सरकून सतरंजीवर जागा दिली, श्वासाकडे बघायला शिकवलं, पंचशील समजावलं. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, मी असं धरून बसलो की घरच्यांना नको झालं. "जेवलास का?" असं मायनं विचारलं, तरी "दीड भाकर" असं बिनचूक उत्तर. स्वतःवर जाम खूश होतो.

त्या हिवाळ्यात आमची एक मेंढी विताना मेली, कोकरू तेवढं वाचलं. त्याच दिवशी दुसऱ्या मेंढीचं कोकरू दगावलं. अशा वेळी आमच्या घरात मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. वडिलांनी तसं बांधलं, मला लक्ष ठेवायला सांगितलं आणि कळप घेऊन माळावर गेले.

मी जवळच डोळे मिटून बसलो, पण डोळ्यांपुढे ते कातडंच. एका मुक्या आईला आपण धडधडीत फसवतोय, आणि मी शील घेतलेला माणूस गप्प बसलोय! मला राहवेना. सुतळी सोडली, कातडं बाजूला ठेवलं. वाटलं, दया काय, तिलाही येईलच.

तिनं हुंगलं आणि अशी ढुशी मारली की कोकरू कोलमडलं. पुन्हा गेलं, पुन्हा ढुशी. दुपारपर्यंत त्याला उभंही राहता येईना. बाटलीनं पाजायला गेलो, तर दूध तोंडातून ओघळून गेलं. मला रडू आलं. मेंढीचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

वडील आले. खाली पडलेलं कातडं बघून समजले.

"त्याची माय मेली, अन् तू खरं-खोटं करून राह्यला? बांध जल्दी."

मी सुतळीची गाठ पुन्हा मारायला घेतली. कशीबशी बांधली, कोकराला उचलून सडाशी धरलं. मेंढी बराच वेळ हुंगत राहिली, पण हलली नाही. थोड्या वेळानं कोकराची शेपटी हलायला लागली.

चौथ्या दिवशी वडिलांनी कातडं सोडलं. मेंढीनं त्याची उघडी पाठ हुंगली आणि चाटायला लागली.

रविवारी वंदनेत चौथं शील आलं आणि मी तेवढं म्हटलं नाही. सगळे गेल्यावर गुरुजींना घडलेलं सांगितलं. मेंढीला फसवून आता ते शील कुठल्या तोंडानं म्हणू, असं विचारलं.

"कोकरू जगलं का?"

"जगलं."

"मंग आधी कातडं सोडलंस, ते कोणासाठी?"

मी सतरंजीची दशी ओढत बसलो. मेंढीसाठी, असं ओठांवर आलं होतं.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"आता म्हण चौथं शील," गुरुजी म्हणाले.