पाठीवरची पट्टी

पुण्यात राहून बर्फावरची हॉकी खेळतो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "बर्फ कुठून आणता?" बर्फ आणत नाही, आम्हीच त्याच्याकडे जातो. अकरा महिने सिमेंटच्या रिंकवर चाकांच्या स्केट्स घालून सराव, रोज सकाळी पोरांना स्केटिंग शिकवून पोट भरायचं, आणि जानेवारीत लेह. पहिल्या वर्षी बर्फावर मी चाकांच्या सवयीने ब्रेक मारला, मागचा पाय आडवा घासून. स्केटचं पातं नुसतंच सरकत राहिलं. मी थांबलो तो थेट रिंकच्या कडेच्या फळ्यांवर आपटून. समोरच्या संघाच्या गोलकीपरने उठवलं आणि वर चहाही पाजला.

तेव्हापासून बारा वर्षांत सात संघांकडून खेळलो. कुणाचा गुडघा गेला, कुणाला रजा मिळाली नाही, कुणाचं लग्न ठरलं, की फोन मला. त्यामुळे जर्सी नेहमी दुसऱ्याची आणि पाठीवर नावही त्याचंच. ते उसवून चालत नाही, कारण जर्सी परत द्यायची असते. म्हणून दर डिसेंबरला मी बिबवेवाडीतल्या टेलरकाकांकडे जायचो. ते त्या नावावर कोऱ्या कापडाची पट्टी कच्च्या टाक्याने शिवून द्यायचे. स्पर्धा संपली की पट्टी काढायची.

"यंदा कुणाला झाकायचंय?" काका चष्म्यावरून बघत विचारायचे आणि पावतीवर 'बर्फवाले' एवढंच लिहायचे.

मी हसायचो. पण खरं सांगतो, एकदा तरी स्वतःच्या नावाने बर्फावर उतरावं, असं मला फार वाटायचं. यंदा अडतीस पूर्ण झाली, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. बायकोलाही कळत होतं. माझा फोन वाजला की ती मिक्सर बंद करून कान द्यायची.

नोव्हेंबरात गेल्या वर्षीच्या संघाच्या कप्तानाचा फोन आला. "कोण गळालं?" मी सवयीने विचारलं.

"कुणी नाही, दादा. तुम्हाला पहिल्या यादीतच घेतलंय. जर्सी कोरी पाठवतोय, नाव तिकडेच घालून घ्या."

जर्सी आली त्याच दुपारी मी काकांकडे गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्यात झाकायला काहीच नाही. कशाला आणलीत?"

"नाव घालायचंय. पक्क्या टाक्याने. माझं."

काकांनी मशीन थांबवलं. पावतीपुस्तक ओढून 'बर्फवाले' लिहिलं, मग खोडलं. "आपलं नाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. इतक्या वर्षांत माझं नाव त्यांना कधी लागलंच नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांना नीट ऐकू गेलं होतं, तरी पुन्हा एकदा सांगितलं.