पुन्हा याल का?

आमच्या असोसिएशनच्या परीक्षेत सगळ्यात शेवटचा प्रश्न उमेदवाराला विचारत नाहीत, त्याच्यासमोर बसलेल्या क्लायंटला विचारतात. पुन्हा याल का? समुपदेशक होऊ बघणाऱ्याने तुमच्याशी अर्धा तास बोलायचं, दोन परीक्षकांनी मागे बसून ऐकायचं, आणि मग उमेदवाराच्या देखतच क्लायंटने हो किंवा नाही म्हणायचं. नाही आलं की संपलं. बाकी कितीही छान बोललेला असो, पुढच्या बॅचबरोबर परत बसायचं.

हा क्लायंट खरा नसतो. आमच्यातलंच कोणीतरी असतं. हातात चिठ्ठी देतात, तुम्हाला झोप लागत नाही, तुमचा मुलगा बोलत नाही, तुमचे मिस्टर वारले. चिठ्ठीवरचं दुःख घेऊन खुर्चीत बसायचं. बरीच वर्षं त्या खुर्चीत मी बसते आहे. ती मला कशी मिळाली ते आधी सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी बोरिवलीत स्टेशनबाहेर फुटपाथवर गाउन विकायला सुरुवात केली. आज स्वतःचा गाळा आहे. गाउन घ्यायला येणाऱ्या बाया गाउन कमी बघतात आणि घरचं जास्त बोलतात, त्यामुळे नवरा, सासू, नणंद, सगळं मी उभ्याउभ्या ऐकलेलं. त्यातल्याच एका गिऱ्हाइकाने मला या असोसिएशनमध्ये नेलं. घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात रविवारी ट्रेनिंग असायचं. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून आम्ही बसायचो. मी एकही रविवार चुकवला नाही.

माझ्या परीक्षेत क्लायंट म्हणून खुद्द अध्यक्षबाई बसल्या. मुलुंडच्या, मऊ आवाजाच्या, रागावल्या तरी तोंडावर हसू. त्या सून झाल्या होत्या, सासूशी पटत नाही म्हणून घरात जेवत नाही अशी. मी वेळेच्या आत मामला मिटवला. तू एक वेळ घरात जेव, सासूने एक टोमणा कमी मारावा, हळूहळू दोघींनी खाली यावं. मी खूश. मग प्रश्न आला. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नाही येणार. मला कोणी ऐकलं असं वाटलं नाही. माझा सौदा झाल्यासारखं वाटलं."

मला नापास केलं. वर पुढच्या सभेत त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, ताई, तुमच्यात काय जिवंतपणा आहे, तुम्ही आमच्या परीक्षेला क्लायंट म्हणून बसाल का? म्हणजे डॉक्टर व्हायला गेलेल्या बाईला सांगायचं, तुमचा आजार फार सुंदर आहे, तेवढा देता का. मी तिथेच उठून चार गोष्टी सुनावल्या. मग खाली बसले आणि अटी घातल्या. सगळी ट्रेनिंगं मला फुकट, पहिल्या रांगेत खुर्ची, वार्षिक अहवालात नाव. त्यांनी तिन्ही मान्य केल्या. तेव्हाच कळलं, मी कमी मागितलं.

क्लायंट म्हणून माझी एक पद्धत होती. पुन्हा याल का विचारलं की मी आधी नाही म्हणायचे. बाजारात हो कधी आधी म्हणत नाहीत. कापड आवडलं असं ज्याच्या तोंडावर दिसलं तो मेला. नाही म्हणायचं, पायरी उतरायची, पण हळू उतरायची, म्हणजे दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळतो. परीक्षकांनाही ते माहीत होतं. ते विचारायचे, का बरं ताई? मग मी जरा कुरकुर करायचे, उमेदवाराला घाम फुटू द्यायचे, आणि शेवटी म्हणायचे, बरं, येईन एकदा. सगळे हसायचे. ताईंचं नाही म्हणजे भाव सुरू झाला, असं म्हणायचे.

मग एका बॅचमध्ये एक मुलगी आली. तिची आई दहिसरला चाळीत राहते आणि माझे गाउन शिवायची. आजोबा गिरणीत होते, गाव मालवणकडे. मुलगी मला मावशी म्हणायची. तिला असोसिएशनमध्ये मीच आणलं. ट्रेनिंगचे इंग्रजी कागद ती मला वाचून समजावायची, आणि मी तिच्या हळू बोलण्यावरून तिला टोचायचे. तुझं वाक्य पुरं होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल गं, म्हणायचे. ती हसायची आणि आणखी हळू बोलायची. कांदिवलीच्या एका शाळेने तिला सांगून ठेवलं होतं, शाळा सुरू व्हायच्या आत प्रमाणपत्र आण, समुपदेशकाची जागा तुझी. नाही आणलंस तर दुसरी बाई तयार आहे. तिच्या आईने मशीनवर बसल्याबसल्या मला हे पन्नास वेळा ऐकवलं होतं. घरात पगार घेऊन येणारं दुसरं कोणी नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी अध्यक्षबाईंनी नवा नियम सांगितला. क्लायंटचं पहिलं उत्तर हेच शेवटचं. परत विचारायचं नाही. कारणही सांगितलं, आपल्या ताई फार घासाघीस करतात, उमेदवार घाबरतात. वर्ग हसला. मीही हसले. पण नियम माझ्यासाठी केला होता, आणि चारचौघांत माझ्या तोंडावर सांगितला होता. परत तोच शब्द, सौदा नाही तर घासाघीस. मी आत जाताना तो राग घेऊन गेले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, घरात सारखी चिडचिड होते, कारण कळत नाही. मला काही नाटक करावंच लागलं नाही. मुलगी समोर येऊन बसली आणि मी सुरू झाले. भांडी घासणारीवर, शेजारणीवर, लिफ्टवर, पाण्याच्या वेळेवर. दुसरा उमेदवार असता तर मला शांत करायला धडपडला असता. तिने मला बोलू दिलं. मी दमले तेव्हा तिने तिच्या त्या हळू चालीत विचारलं, "तुमचे हात काय करतायत?"

मी खाली बघितलं. हातात माझा नॅपकिन होता. मी त्याची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

"ही घडी कशाची आहे?" तिने विचारलं.

ती शिवणाऱ्या बाईची मुलगी. गाउनची घडी अशी नसते हे तिला दिसलं होतं. ती दुपट्याची घडी होती, तान्ह्या पोराला गुंडाळायच्या दुपट्याची. मग मी चिठ्ठीवर नसलेलं बोलायला लागले. कोणाला कधी सांगितलं नव्हतं ते.

माझी पहिली मुलगी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात झाली आणि रडलीच नाही. पाचव्या दिवशी सासूने गाउनचा गठ्ठा उंबऱ्यात आणून ठेवला आणि म्हणाली, "नाटकं पुरे आता." मी जाऊन फुटपाथवर बसले. दूध येत होतं. पोर नव्हतं पण दूध येत होतं. ब्लाउज भिजायचा म्हणून दिवसभर गाउन छातीशी धरून बसले. बाया भाव विचारायच्या, मी सांगायचे, आणि त्या दिवशी एकीलाही मी कमी केलं नाही. सगळ्यांनी दिलेही. माझ्या तोंडावर काय होतं कोणास ठाऊक. भाव करायला मी त्या दिवशी शिकले.

मला वाटलं, आता ती म्हणेल, किती वाईट वाटलं असेल. आमच्या ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवतात. तिने आधी माझे हात थांबू दिले. मग तिने विचारलं, "ते भिजलेले गाउन?"

"विकले," मी म्हटलं.

तिने मान हलवली. डोळे काढून घेतले नाहीत. तेवढंच. पण छातीवरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं मला झालं, त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्या खुर्चीत मी इतके उमेदवार पाहिले, खरं काम फक्त तिने केलं.

मागून अध्यक्षबाईंचा आवाज आला, पुन्हा याल का?

"नाही."

तोंडातून आलं. इतक्या वर्षांची जीभ. नियम मी सकाळी ऐकला होता, ऐकला नव्हता असं म्हणणार नाही. पण अध्यक्षबाईंचं पेन लगेच कागदावर टेकलं नाही. त्या थांबल्या होत्या. चुकून बोलले, एवढं म्हणायची मला सवड होती. मी मुलीकडे बघितलं. तिला नापास झाल्याची भीती वाटत असती तर मी बोलले असते. पण ती घाबरलेली नव्हती. तिला माझी कीव आली होती. ज्या पोरीला मी बोट धरून आणलं, जिची आई माझ्याकडून काम नेते, ती माझ्याकडे भिजल्या मांजराकडे बघावं तशी बघत होती. मी तोंड मिटून बसले. पेन टेकलं.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी ती माझ्याजवळ आली. निकालाबद्दल एक अक्षर नाही. तिने विचारलं, "मावशी, आत सांगितलंत ते खरं होतं ना?"

"नाटक होतं गं," मी म्हटलं. "मला बोलावतात कशाला मग?"

तिने टाकीचा टपकणारा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "मला खरं वाटलं. म्हणजे मला काहीच कळत नाही."

मी म्हटलं, शिकशील.

दुसऱ्या दिवशी दुकानात अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या मऊ असल्या तरी खुळ्या नाहीत. म्हणाल्या, ताई, दुपट्याचं चिठ्ठीवर नव्हतं. स्वतःचं खरं दुःख परीक्षेत आणायचं नाही असा नियम आहे. तुम्ही ते आणलं असेल तर परीक्षा रद्द धरू आणि तिची याच आठवड्यात दुसऱ्या क्लायंटबरोबर घेऊ. शाळेची जागा वाचेल. तुम्ही फक्त समितीपुढे येऊन खरं होतं एवढं सांगा. पण मग तुम्हाला क्लायंट म्हणून बसता येणार नाही.

मी विचारलं, मग मला परत परीक्षेला बसू द्याल? एकदा क्लायंट झालेल्याला परीक्षा देता येत नाही, म्हणून माझी मान्यता अडलेली आहे.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, हा सौदा नाहीये."

"मग नाटक होतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. गाळ्यात दोन बाया उभ्या होत्या. त्यांना चढा भाव सांगितला, आणि त्या निघून गेल्या.

इथे लोकांना वाटेल आता मी पश्चात्ताप सांगणार. तो माल मी ठेवत नाही. मला ज्यांनी नापास केलं त्यांना त्या रात्री झोप लागली होती. माझी खुर्ची काढून घ्यायची आणि बदल्यात काही द्यायचं नाही, ही कुठली रीत? खुर्ची गेली तर असोसिएशनमध्ये माझं उरतं काय, चहाचे कप मोजणं?

शाळेने दुसरी बाई घेतली. मुलीच्या आईने हातातला गठ्ठा परत पाठवला. शिवलेले अर्धे, नुसते कापलेले अर्धे, वर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी नवी शिवणारी बघितली. तिच्या हाताला तो साफपणा नाही.

मुलगी पुढच्या बॅचला परत बसली. तिच्यासमोर मला नाही बसवलं, क्लायंट दुसऱ्या बाई होत्या, त्या पहिल्या झटक्यात हो म्हणाल्या. तिला मान्यता मिळाली, पण शाळेतली जागा भरलेली होती ती भरलेलीच राहिली. ती सध्या एका डॉक्टरांकडे नंबर लावायचं काम करते, आणि रविवारी नाहूरला आमचं फुकट बोलायचं टेबल असतं तिथे बसते. एका सोसायटीच्या हॉलमध्ये तीन कोपऱ्यांत तीन जोड्या खुर्च्या, दारात टोकन. टोकन वाटायला मी असते, कारण रांग मोडणाऱ्याला गप्प करणं दुसऱ्या कोणाला जमत नाही. ती येताना मला नमस्कार करते. मावशी म्हणत नाही. मॅडम म्हणते.

तिच्यापुढची रांग सगळ्यात सावकाश सरकते. लोक तरीही तिचीच रांग धरतात.

परवाच्या रविवारी गर्दी ओसरली होती. दारात एक म्हातारा तेवढा राहिला होता. त्याचं टोकन त्याच्या हातात दिलं, त्याच्या आधीचं मी स्वतः घेतलं आणि तिच्यासमोर जाऊन बसले. चिठ्ठी नव्हती. नॅपकिन पर्समध्ये होता, तो मी बाहेर काढला नाही. त्या दिवसानंतर ते दुपटं परत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं तर या पृथ्वीवर एकच माणूस होतं.

तिने टोकन घेतलं, बघितलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

"ओळखीच्या माणसाला बसवून घेता येत नाही, मॅडम. नियम आहे. पलीकडच्या कोपऱ्यातल्या बाई मोकळ्या आहेत."

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "उभ्याउभ्या."

"नाही."

आवाज तोच, हळू. राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. रागावलेल्या माणसाशी भाव करता येतो.

"तू म्हणशील ते कबूल करते," मी म्हटलं. "अध्यक्षबाईंपुढे सांगते. आज सांगते."

"आता त्याचं काय करू?" ती म्हणाली. तिला खरंच विचारायचं होतं असं वाटलं. मी उत्तर शोधत राहिले आणि तिने वाट बघितली, जशी ती सगळ्यांची बघते.

मी उठले. खुर्ची नीट सरकवून ठेवली. दाराकडे निघाले, हळू निघाले, जसं निघायचं असतं तसं, हाक मारायला वेळ ठेवून.

हाक आली.

"पुढचे, या," ती म्हणाली, आणि तो म्हातारा माझ्या बाजूने तिच्याकडे गेला.