मावशीची भरती

मावशीला माइकची गरज नव्हती. पेणच्या बाजारात ती या टोकाला बोलली, तर त्या टोकाचा चहावाला ओ द्यायचा. तरी माझ्या दुकानाच्या माळ्यावर माइकपुढे उभं राहताना ती चपला जिन्यात काढायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि माइकला हात जोडायची. मी एकदा हसलो, तर म्हणाली, "हसतोस काय मिस्तरी? या दांड्याच्या पल्याड सगला बाजार बसलाय. उघड्या डोक्यानं बोलू?"

मिस्तरी म्हणजे मी. रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं माझं दुकान बाजारात होतं आणि त्याच्या माळ्यावर आमचं केंद्र. हे केंद्र जन्माला आलं गणपतीत. गर्दीत हरवलेली माणसं सापडावीत म्हणून बाजारभर आठ कर्णे बांधले आणि सगळ्या तारा माझ्या माळ्यावर आणल्या. विसर्जन झालं, देव गेले, कर्णे राहिले! ते उतरवायला कुणी आलंच नाही. परवानगी होती का, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते, सगळं चालून गेलं.

आणि काय दणक्यात चाललं! सकाळी भक्तिगीतं, मग एसटीच्या वेळा, कुठल्या आळीत पाणी येणार नाही, कुणाची किल्ली सापडली, दहावीत कोण पास झालं, आणि दुपारी लोकांच्या फर्माइशी. आकाशात एक लहरसुद्धा न सोडता आम्ही रेडिओवाले झालो होतो. लोक बेलाशक 'पेण केंद्र' म्हणत. निवेदनं लिहायचे आणि वाचायचे आमचे गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. केंद्राच्या समितीचे अध्यक्षही तेच, कारण दुसरं कुणी अध्यक्ष व्हायला तयार नव्हतं.

खाडीकाठच्या गावांतल्या बाया मीठ, सुकट, भाजी घेऊन बाजाराला येत. घरी जाताना एसटीतून उतरल्यावर त्यांना साकव, म्हणजे खाडीवरचा लहानसा पूल, ओलांडावा लागे आणि मोठ्या भरतीला तो पाण्याखाली जाई. गिऱ्हाईक समोर असलं की पाण्याचं भान राहत नाही, म्हणून भरतीची वेळ सांगायची, अशी कल्पना मी काढली. मुंबईच्या वर्तमानपत्रातली वेळ गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचली. बाजारात हशा पिकला. काय झालं ते कळायच्या आत मिठाची पाटी कमरेला लावून एक उंच, काळीसावळी बाई जिना चढून वर आली.

"ती ममईची भरती, गुरुजी," ती म्हणाली. "समिंदरातनं आमच्या खाडीत यायला पान्याला वाट चालाया लागते. दीड तास लागतो त्याला. ते काय एष्टीनं येतंय?"

ती मावशी. दुसऱ्या दिवसापासून भरती सांगायचं काम तिच्याकडे आलं, म्हणजे तिनेच ते घेतलं. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. तिथी मोजायची, सावली बघायची आणि पाण्याची वेळ सांगायची; अवसेला, म्हणजे अमावास्येला, म्हणायची, "उठा गो बायांनो, पानी चढतंय. सावली पायाशी यायच्या आत साकवापार व्हा. मागं कोन रायली ती बघा." बस्स, एवढंच. पण शेवटचं वाक्य एक दिवसही चुकलं नाही. ते ऐकून प्रत्येक बाई पाटी डोक्यावर घेता घेता मागे वळून बघायची. फर्माइशीच्या गाण्यांपेक्षा लोक मावशीची वाट बघू लागले. चहावाला तर तिच्या वेळेला स्टोव्ह बंद करायचा, घरघर मध्ये यायला नको म्हणून.

पावसात कधी एसटी अडकून मावशीला यायला उशीर व्हायचा, म्हणून तिचा आवाज टेप करून ठेवावा असं मी सुचवलं. अशी चिडली! "कालचं पानी आज बोलू नको, मिस्तरी. पानी रोज पुढं सरतंय. अवसेचं बोललेलं अवसेलाच खरं." तरी एका अवसेला ती बोलत असताना मी तिचा आवाज गुपचूप कॅसेटवर उतरवून घेतला. कारागिराचा मोह, दुसरं काय!

मावशीचा माइक जाणार, अशी वेळ मात्र रोह्याच्या मंडळींमुळे आली. आमच्या केंद्राची कीर्ती रोह्यापर्यंत गेली होती आणि तिथल्या व्यापाऱ्यांना तसंच केंद्र हवं होतं. ते बघायला येणार म्हटल्यावर गुरुजी अस्वस्थ झाले. "पाहुण्यांसमोर शुद्ध मराठी हवं," त्यांनी बजावलं. "भरती मी सांगेन. आणि यापुढेही मीच सांगेन. केंद्राला काही दर्जा असतो की नाही?" मी भांडलो. माझं कुणी ऐकलं नाही. मावशीला सांगायचं काम माझ्यावरच आलं. तिने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हय. गुरुजी शिकलेलं मानूस हाय." माझीच मला लाज वाटली.

तो दिवस नेमका अवसेचा. उधाणाची भरती. मावशीने सकाळी खालूनच मला सावलीच्या हिशेबाने वेळ सांगितली, मी ती घड्याळात बसवून चिठ्ठीवर लिहिली: दुपारी दीड. गुरुजींनी चिठ्ठी घेतली. आता त्यांना मुंबईचा आणि आमच्या खाडीचा फरक पाठ झाला होता. आकडा वर्तमानपत्रातलाच आहे, असं समजून त्यांनी त्यात आणखी दीड तास मिळवला! मी पाहुण्यांना अँप्लिफायर दाखवण्यात दंग होतो. कर्ण्यांतून शुद्ध, सुरेल निवेदन गेलं, "भगिनींनो, आज भरती दुपारी तीन वाजता."

खाली कुणी उठलं नाही. मावशीने वेळ गुरुजींना दिली असणार, असं धरून बाया निवांत बसल्या. मावशीही मीठ मापण्यात गुंतली होती; तिने मान वर केली तेव्हा सावली पायाशी आली होती आणि बाया तीनच्या भरवशावर बसून होत्या. एवढ्यात जिना धडधडला. मावशी वर आली ती चपलांसकट, पदर खांद्यावर, हातात अजून मिठाचं माप! गुरुजी माइकला धरून बसले होते. तिने त्यांच्या हातावरच हात ठेवला.

"उठा गो, उठा! पानी आलं! तीनला नाय, आत्ता! पाट्या रावूद्यात, पोरं उचला! मागं कोन रायली ती बघा!"

काय तो बाजार! सूप उपडं, मीठ सांडलेलं, बाया धावत एसटीकडे, आणि चहावाला रस्त्यात उभा राहून गाडी अडवतोय! कंडक्टरने घंटी न देता दारात लटकून एकेकीला आत ओढलं. शेवटची गाडी हलली. संध्याकाळी निरोप आला. शेवटच्या बाया गुडघाभर पाण्यातून साकवापार झाल्या होत्या. सगळ्या. एकही मागे राहिली नव्हती.

मावशी मात्र माळ्यावरच होती. भानावर आल्यावर आपल्या पायातल्या चपला बघून ती माइकपुढे वाकली, "चुकलं बाबा." गुरुजी उठले आणि म्हणाले, "चुकलं माझं, मावशी." समितीची त्यानंतर बैठक झाली नाही. झाली असती तरी ठरवायला काही उरलं नव्हतं.

रोह्याचे पाहुणे म्हणाले, "कर्णे आमचे आम्ही आणू, ही बाई द्या." मावशी गेलीही. दोन दिवस भाकरी बांधून रोह्याशेजारच्या अष्टमी गावाच्या पुलावर बसली आणि कुंडलिका नदीचं पाणी नुसतं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका मासळीवालीला हाताला धरून त्या व्यापाऱ्यांपुढे उभं केलं. "हिला बोलवा. हिच्या दारातलं पानी हाय. मी परक्या पान्याचं बोलनार नाय." आणि दुपारच्या गाडीने परत आली.

पुढे पाच-सहा वर्षं ती बोलली. मग घरोघरी केबल आली, फर्माइशी आटल्या, कर्णे एकेक करून गंजले. शेवटी एकच चालू राहिला, ज्याच्याखाली मावशी पाटी घेऊन बसायची तो, आणि एकच कार्यक्रम, तिचा. एका पावसाळ्यात ती आठवडाभर आली नाही. मग ती गेल्याचीच खबर आली. बाया बाजारात येत, बसत, आणि वेळ झाली की माळ्याकडे बघत. मला ते बघवत नसे.

ती कॅसेट माझ्याकडे होती. पण कालचं पाणी आज बोलायचं नव्हतं. मी थांबलो. अवस आली. गुरुजी काठी टेकत माळ्यावर आले, चपला त्यांनी जिन्यात काढल्या. मी बटण दाबलं.

"उठा गो बायांनो, पानी चढतंय. सावली पायाशी यायच्या आत साकवापार व्हा."

खाली बाजार थिजला. मग एकेक बाई उठली. वेळ खरीच होती, पाणी खरंच चढत होतं.

"मागं कोन रायली ती बघा."

पाट्या डोक्यावर घेता घेता सगळ्या मागे वळल्या. कर्ण्याखालची जागा रिकामी होती. त्या तिथेच बघत उभ्या राहिल्या, आणि गुरुजींना माळ्यावरून हाक द्यावी लागली, "चला गो, साकव बुडेल."